प्रोसिडिंगात आलं पाहिजे

[दृश्य: ग्रामपंचायतीसमोरचा मांडव. खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या टेबलावर जाड रजिस्टर.]

1 मे. सकाळी झेंडावंदन आटोपलं की त्याच मांडवात ग्रामसभा. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत या तारखा ठरून गेल्यात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. कोरमसाठी, म्हणजे सभा कायदेशीर ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतला लहान आकडा धरतात. म्हणजे अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं आली तरी भागतं. पुष्कळदा तेवढीही येत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अटच नसते. रिकाम्या मांडवातही ठराव होऊ शकतात. हे कोणाच्या पथ्यावर पडतं, ते गावाला वेगळं सांगायला नको.

आज मात्र माणसं आहेत. रस्त्याचा विषय निघतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "किती वर्षं ऐकायचं, होईल होईल!" दुसरा कोणी निवडणुकीतलं उणंदुणं काढतो. तिसरा त्याला गप्प करायला उठतो. अर्धा तास मांडव दणाणतो, मग चहा येतो.

[दृश्य: रजिस्टरचं पान, अगदी जवळून. निळ्या शाईतली एक ओळ.]

आणि प्रोसिडिंगच्या वहीत, म्हणजे सभेत काय झालं ते लिहायच्या रजिस्टरात, काय उतरतं? "रस्त्याबाबत चर्चा करण्यात आली." बस. चार शब्द. या चार शब्दांनी कोणाचेच हात बांधले जात नाहीत. उद्या पंचायत समितीत विचारलं, तर गावाने काही मागितलेलंच नाही.

गावाच्या प्रश्नावर बोलायला शिकायचं तर शिक्षण इथून सुरू होतं. काय हवं, कुठून कुठपर्यंत हवं, ते कोणत्या कार्यालयाकडे मागायचं, आणि मागच्या ठरावाचं काय झालं, हे वहीत यायला हवं. त्याखाली सूचक, म्हणजे ठराव मांडणारा, आणि अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, यांची नावं. आणि सभा उठायच्या आत एकाने उभं राहून म्हणायचं, "भाऊसाहेब, काय लिहिलंत ते वाचून दाखवा." ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. हे एक वाक्य बोलायला खरी हिंमत लागते. ओरडणं त्यामानाने सोपं. गर्दीत कोण ओरडलं ते कळतही नाही.

बायकांसाठी कायद्याने वेगळी सोय केली आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती भरते, रजिस्टर घरोघर फिरतं. पण जिथे ती खरोखर बसते, तिथे पाण्याच्या वेळा, शाळेची वाट, अंधारातला नळ असे विषय आधीच बोलून झालेले असतात. मग मोठ्या सभेत बोलायला उठणाऱ्या बाईला एकटीने सुरुवात करावी लागत नाही. मागे बसलेल्या दहाजणींना ती काय बोलणार, हे ठाऊक असतं.

[दृश्य: उखडलेला डांबरी रस्ता. कडेला किलोमीटरचा दगड.]

आता तो रस्ता. तो कोणाचा? इथे पुष्कळांची वर्षं वाया जातात. सरपंचांकडे खेटे घालायचे आणि रस्ता निघतो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ढोबळ हिशेब असा: ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग बांधकाम विभागाकडे. रस्त्याला क्रमांक असतो, तो क्रमांक अर्जात असला की "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य टेबलापलीकडून यायला कठीण जातं.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक त्यांची, एक आपली, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक व शिक्का. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी सांगणंच. काही कारकून पोच द्यायला कुरकुर करतात. शांतपणे उभं राहायचं. उभं राहणं हेही शिकावं लागतं.

रस्त्यावर आजवर काय खर्च पडला, हे माहितीच्या अधिकारात मिळतं. महाराष्ट्राने असा कायदा 2002 मध्ये केला होता. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक मेख आहे: एका अर्जात एकच विषय, आणि तोही साधारण 150 शब्दांत. लोक याला अडथळा मानतात. मला तर हा उत्तम शिक्षक वाटतो. "रस्त्याचं काम निकृष्ट का केलं?" याला उत्तर येत नाही, कारण ती माहिती नाही, तो आरोप आहे. "अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत" असं मागितलं, की कागद निघतो. मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते, आणि मोजपट्टी तर कोणाच्याही घरात असते.

अर्जाआधीही एक वाट आहे. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. फार थोड्यांना तो ठाऊक आहे, आणि ज्यांनी सांगायला हवा त्यांना सांगायची घाई नाही.

वेळही साधावी लागते. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकाराला येतो. मार्चमध्ये मागितलं तर पैसा वाटून झालेला असतो. शहरातही तेच. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, पण अर्जाची मुदत हुकली की ते वर्ष गेलंच.

[दृश्य: मतपत्रिका. एका चौकटीत उभी बाटली, दुसऱ्या चौकटीत आडवी.]

हे सगळं शिकण्याची सर्वांत कडक परीक्षा मात्र दारूच्या दुकानावर होते. महाराष्ट्रात गाव किंवा वॉर्डातलं परवानाधारक दुकान मतदानाने बंद करता येतं. आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

नियम वरवर सरळ दिसतो. पण आडव्या बाटलीला अर्ध्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. समजा यादीत 800 बायका आहेत. 600 जणी मतदानाला आल्या. 390 जणींनी बाटली आडवी केली, 210 जणींनी उभी ठेवली. दणदणीत विजय? नाही. 401 लागत होत्या. दुकान चालूच राहतं.

एकदा हा हिशेब समजला, की मोर्चाचं नियोजनच बदलतं. घोषणा मागे पडतात, मतदार यादी पुढे येते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, वारलेल्या म्हाताऱ्या, कामासाठी शहरात राहायला गेलेल्या सुना: यादीत राहिलेलं त्यांचं प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. म्हणून जाणत्या बायका सह्या गोळा करण्याआधी यादी घेऊन बसतात, नावं कमी करायचे अर्ज भरून घेतात. मतदानादिवशी कोणाला रजा मिळणार नाही, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोणाला नवरा बाहेर पडू देणार नाही, याची टिपणं करतात. अर्जावर सही करणारी बाई पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर "ही माझीच सही" म्हणेल का, हेही आधी जोखावं लागतं. दुकान चालवणारा बहुधा त्याच गावातला, कधी नात्यातलाच असतो. वैर पत्करून बोलायचं, की न बोलता नुसती मोजणी करून जिंकायचं? ज्यांना जमलं त्यांनी बऱ्याचदा दुसरी वाट धरली.

[दृश्य: गडचिरोलीचं जंगल. बांबूची बेटं.]

शिकण्याची गोष्ट निघाली आणि मेंढा लेखा आलं नाही, असं होत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे. घोषणेमागचा अभ्यासगट तितका ऐकलेला नाही. गावातली माणसं आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसत, कायदा वाचत, शंका काढत. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले कार्यकर्ते त्यात असत. अभ्यासगटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचं जरी मन वळलं नाही तरी विषय पुढच्या सभेवर. वेळखाऊ पद्धत, पण बाहेरचा कोणी येऊन गाव फोडू शकत नाही ते त्यामुळेच.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळाला. पण बांबू विकायला निघाल्यावर वाहतुकीचा परवाना अडला. बांबू हे लाकूड की गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पन्न, ज्यावर ग्रामसभेचा हक्क, असा वाद उभा राहिला. जुन्या वन कायद्यात झाडांच्या व्याख्येत बांबू होता. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत तो गौण वनोपजात, नाव घेऊन लिहिलेला. मेंढ्याच्या लोकांना ती ओळ शोधावी लागली नाही, ती त्यांची वाचून झालेली होती. त्यांनी तीच पुढे केली आणि धरून राहिले. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलं.