थेट सामना आणि मागे राहणारा प्रेक्षक

दृश्य : काळा पडदा, मधोमध गोल फिरणारे चिन्ह. मैदानातील कल्लोळ ऐकू येतो, चित्र मात्र नाही.

निवेदन :

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. ती पाहण्यासाठी नेटफ्लिक्सवर लोटलेली गर्दी, कंपनीनेच नंतर सांगितल्याप्रमाणे, एका क्षणी एकाच वेळी चालणाऱ्या साडेसहा कोटी प्रक्षेपणांपर्यंत पोहोचली. चित्रपट आणि मालिका घरोघरी पोहोचवण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या या सेवेवर त्या रात्री असंख्य प्रेक्षकांचे चित्र धूसर झाले, अडखळले, आणि काहींच्या पडद्यावर तर फिरत्या चिन्हापलीकडे काहीच उरले नाही. चित्रपट मध्येच थांबला तर चिडचिड होते, पण तो अर्ध्या तासाने पुढे पाहता येतो. निकाल कानावर पडलेला सामना मात्र नंतर कितीही स्वच्छ दिसला तरी त्यातली उत्कंठा परत येत नाही, कारण पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसणे, यातच थेट सामन्याचे सारे मोल असते.

खेळ दाखवणाऱ्या ॲपविषयीच्या बहुतेक तक्रारी याच एका गोष्टीपाशी येऊन मिळतात. त्यांतील काही तंत्रज्ञानाच्या खऱ्या मर्यादेतून येतात, तर काही कंपनीने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांतून. प्रेक्षकाला दोन्ही सारख्याच जाचतात. पण त्या वेगळ्या ओळखता आल्या, तर कशासाठी धीर धरायचा आणि कशासाठी जाब विचारायचा, हे त्याला कळू शकते.

दृश्य : शेजारशेजारच्या दोन खिडक्या. एका घरात जल्लोष सुरू झाला आहे. दुसऱ्या घरातील पडद्यावर गोलंदाज अजून आपल्या खुणेकडे परतत आहे.

निवेदन :

सर्वांत जुनी तक्रार विलंबाची आहे. मैदानावरील कॅमेऱ्याचे चित्र प्रथम प्रक्षेपण व्हॅनमध्ये येते, तेथून उपग्रहाने किंवा फायबरने निर्मिती केंद्रात जाते आणि तेथे त्याला समालोचन व धावफलक जोडले जातात. इथपर्यंतचा प्रवास दूरचित्रवाणीसाठी आणि ॲपसाठी जवळपास सारखाच असतो. पुढे वाटा फुटतात. ॲपसाठी तेच चित्र वेगवेगळ्या दर्जांच्या अनेक आवृत्त्यांमध्ये संकुचित केले जाते, प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवले जातात आणि आपला फोन त्यांतील एकेक तुकडा क्रमाने मागवून घेतो. अशा तुकड्यांनी चित्र पाठवण्याची, ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आजही सर्वदूर वापरात आहे. तिच्यात आरंभी दहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला होता; पुढे तो सहा सेकंदांवर आणला गेला. चित्र तुटू नये म्हणून प्लेयर, म्हणजे ॲपमधला चित्र चालवणारा भाग, सहसा तीन तुकडे मागे राहूनच सुरुवात करतो. तीन सक अठरा. म्हणजे संकुचन आणि प्रवास यांचा वेळ धरण्याआधीच प्रेक्षक मैदानाच्या अठरा सेकंद मागे असतो. सगळे मिळून हे अंतर अर्ध्या मिनिटापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाणे मुळीच दुर्मीळ नाही.

हे अंतर कमी करता येते. २०१९ मध्ये ॲपलने याच पद्धतीचे कमी विलंबाचे रूप जाहीर केले, ज्यात सहा सेकंदांचा तुकडा पुरा होण्याची वाट न पाहता त्याचे लहान लहान अंश तयार होतील तसे पुढे पाठवले जातात. मात्र हाताशी साठा जितका कमी, तितके नेटवर्कच्या प्रत्येक हेलकाव्याला चित्र थांबण्याचे भय अधिक, आणि म्हणूनच कंपन्या बहुधा मागे राहण्याचा सुरक्षित मार्ग पत्करतात. ही अडचण खरी आहे, तिला दोष देण्यात अर्थ नाही. एवढे मात्र म्हणावेसे वाटते की स्थिर चित्र हवे की ताजे चित्र हवे, ही निवड प्रेक्षकाला स्वतः करू दिली पाहिजे. एकट्याने प्रवासात सामना पाहणाऱ्याला तीस सेकंदांनी काही फरक पडत नाही. शेजारच्या खोलीत तोच सामना दूरचित्रवाणीवर चालू असलेल्या माणसाला मात्र त्या तीस सेकंदांनी संपूर्ण खेळ हरवल्यासारखा होतो.

विलंब एक वेळ सहन होतो, पण उत्कंठा ॲपनेच स्वतःच्या हाताने मोडावी, हे सहन होत नाही. आपण श्वास रोखून शेवटचे षटक पाहत असताना त्याच ॲपची सूचना पडद्याच्या माथ्यावर उतरते आणि निकाल सांगून टाकते. याचे कारण साधे आहे: सूचना पाठवणारी यंत्रणा मैदानाच्या घड्याळावर चालते आणि चित्र पाठवणारी यंत्रणा प्रेक्षकाच्या घड्याळावर, आणि या दोन घड्याळांची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नसते. प्रेक्षक किती सेकंद मागे आहे, हे प्लेयरला माहीत असते. सामना पाहणाऱ्याला सूचना पाठवू नये किंवा ती तेवढीच उशिरा पाठवावी, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

हाच निष्काळजीपणा सामना संपल्यावरही पाठ सोडत नाही. कामावरून उशिरा घरी येणारा माणूस दिवसभर बातम्या टाळतो, मित्रांचे संदेश उघडत नाही, आणि ॲप उघडताच पहिल्याच चित्रात त्याला विजयी संघ करंडक उंचावताना दिसतो. निकाल लपवण्याची सोय काही क्रीडा ॲपमध्ये आहे. पण तेथेही बारीकसारीक गोष्टी निसटतात. फुटबॉलच्या चित्रफितीची लांबी नेहमीपेक्षा अर्ध्या तासाने जास्त दिसली, की जादा वेळ खेळला गेला हे पहिल्या मिनिटालाच उघड होते. टेनिसमध्ये तर लांबीवरून सामना सरळ सेटमध्ये संपला की शेवटपर्यंत रंगला, याचा अंदाज बांधता येतो. खेळावर प्रेम असलेल्या एखाद्या माणसाने हे ॲप सामन्यापूर्वी एकदा प्रेक्षकाच्या नजरेने पाहिले असते, तर हे लक्षात यायला वेळ लागला नसता.

दृश्य : लॉगिनचा पडदा. ओटीपीसाठी उलटी मोजणी चालू आहे. मागे राष्ट्रगीत सुरू झाल्याचा आवाज.

निवेदन :

आता दाराशीच अडणाऱ्या प्रेक्षकाकडे येऊ. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पावसासारखे असते: ते एकदाच बरसते आणि किती अंगणांत पडले याने आभाळावर भार पडत नाही. ॲपच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचा हंडा स्वतंत्र भरावा लागतो आणि सामन्याच्या दिवशी सगळे हंडे एकाच मिनिटाला नळावर येतात. शिवाय चित्र सुरू होण्याआधी लॉगिन, वर्गणीची पडताळणी, एकाच खात्यावर किती उपकरणे चालू आहेत याची मोजणी आणि प्रेक्षक कोणत्या देशात आहे याची खात्री, इतकी दारे ओलांडावी लागतात. चित्र वाहून नेणारी यंत्रणा भक्कम असूनही यांतील एक दार अडले, तरी सामना दिसत नाही.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी इटलीतील सेरी आ या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात डाझोन (DAZN) या खेळ दाखवणाऱ्या सेवेवर नेमके हेच घडले. अडचण ॲपमध्ये प्रवेश करण्याच्या टप्प्यावर होती, आणि शेवटी कंपनीला नेहमीचा मार्ग वगळून थेट सामन्याकडे नेणाऱ्या लिंक लोकांना द्याव्या लागल्या. त्याआधी २६ ऑगस्ट २०१७ रोजी फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांच्या मुष्टियुद्धाच्या लढतीच्या वेळीही पैसे भरून बसलेल्या अनेकांना लॉगिनच करता आले नव्हते.

गर्दी केवळ सुरुवातीलाच होते असेही नाही. १० जुलै २०१९ रोजी क्रिकेट विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी सामना पाहणाऱ्यांची संख्या २.५३ कोटींवर गेली होती आणि महेंद्रसिंग धोनी धावचीत होताच ती झपाट्याने ओसरली. वरवर पाहता प्रेक्षक कमी झाले की भार हलका झाला असे वाटते. प्रत्यक्षात माघारी फिरणारा प्रत्येक जण ॲपच्या मुखपृष्ठावर येतो, आणि ते मुखपृष्ठ प्रत्येकासाठी त्याच्या आवडीनुसार नव्याने मांडायचे असल्यामुळे सर्व्हरवर एका क्षणात नव्याच मागण्यांचा लोंढा कोसळतो. ज्यांनी या लोंढ्याची पूर्वतयारी केली, त्यांच्या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. याच सेवेवर १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ही संख्या ५.९ कोटींपर्यंत गेली. म्हणजे ही गोष्ट अवघड आहे, अशक्य नाही.

दृश्य : कोरी करकरीत जाहिरात. तिच्यानंतर पुन्हा सामना, चित्र ठिपक्याठिपक्यांचे.

निवेदन :

जाहिराती स्वच्छ दिसतात आणि सामना मात्र अडखळतो, ही तक्रार पुष्कळ जण संतापाने करतात आणि यामागे काहीतरी डाव आहे असे त्यांना वाटते. त्याचे उत्तर तांत्रिक आहे. जाहिरात आधीच सावकाश, उत्तम दर्जाने संकुचित करून प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेली असते. सामन्याचे चित्र मात्र त्याच क्षणी घाईने घडवावे लागते. षटक संपताच एकाच सेकंदाला लक्षावधी प्रेक्षकांसाठी वेगवेगळ्या जाहिराती निवडल्या जातात आणि त्या जोडकामात गफलत झाली, की प्रक्षेपण वेळेवर सामन्याकडे परतत नाही. इथपर्यंत समजून घेता येते. परंतु जाहिरातीसाठी पुढच्या षटकाचा पहिला चेंडू कापणे, वर्गणी भरलेल्या प्रेक्षकालाही खेळ चालू असताना चित्र आकसून भोवती जाहिरातीची चौकट दाखवणे, किंवा ॲपमधून क्षणभर बाहेर जाऊन परतलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून जाहिरात बघायला लावणे, हे सर्व निर्णय आहेत. ते बदलण्यासाठी केवळ इच्छा लागते.

चित्राच्या दर्जाविषयी दोनच गोष्टी सांगायला हव्यात. चित्राची चोरी, म्हणजे बेकायदा नक्कल, रोखणाऱ्या संरक्षण प्रणालीची वरची पातळी ज्या फोनमध्ये नसते, त्यावर अनेक सेवा उच्च दर्जाचे चित्र पाठवतच नाहीत, आणि प्रेक्षक बिचारा आपल्या इंटरनेटला दोष देत राहतो. ही गोष्ट वर्गणी घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० ऐवजी २५ किंवा ३० चौकटी, म्हणजे एकामागोमाग येणारी स्थिर चित्रे, पाठवल्या, तर मुलाखत तशीच दिसते, पण चेंडू हवेत तुटक सरकतो. खेळासाठी ही काटकसर योग्य नाही.

वर्गणीचे दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे. एका संघाचे सामने तीन ठिकाणी विखुरलेले, नूतनीकरण आपोआप, आणि रद्द करण्याचे बटण पडद्यामागून पडद्यामागे दडवलेले. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲप आणि संकेतस्थळांवरील फसव्या रचनांचे जे १३ प्रकार नोंदवले, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे.

दृश्य : पडद्यावर एकच ओळ. ‘काहीतरी चुकले. आपले इंटरनेट तपासा.’

निवेदन :

बिघाडापेक्षाही ही ओळ अधिक दुखावते. घरातील बाकी सर्व काही सुरळीत चालू असताना माणूस राउटर बंद करून चालू करतो, ॲप काढून पुन्हा टाकतो, पासवर्ड बदलतो, चॅटबॉटला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगतो, आणि तोवर सामना संपत आलेला असतो. प्लेयर प्रत्येक अडखळण्याची, घसरलेल्या दर्जाची आणि त्रुटीच्या क्रमांकाची नोंद सेवेकडे पाठवत असतो. बिघाड व्यापक आहे हे सेवेला प्रेक्षकाच्या आधी कळलेले असते, आणि तरीही दोष त्याच्या माथी मारला जातो.

२०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ऑस्ट्रेलियात ऑप्टस या दूरसंचार कंपनीकडे सर्व ६४ सामन्यांचे हक्क होते आणि त्यांपैकी २५ सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीवरही दिसणार होते. पहिल्याच दिवसांत ऑप्टसची सेवा इतक्यांदा कोलमडली की पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी कंपनीच्या प्रमुखांशी संपर्क साधला. कंपनीने जाहीर माफी मागितली, ग्राहकांचे पैसे परत केले आणि सुरुवातीला दोन दिवसांपुरते, मग उरलेल्या स्पर्धेपर्यंत सामने एसबीएसवर दाखवू दिले. स्वतःची यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत प्रेक्षकांना ताटकळत न ठेवता सामना दुसऱ्या मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे त्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते.

प्रत्येक सेवेला दुसऱ्या वाहिनीचा आधार मिळणार नाही. पण चित्र पोहोचवता येत नसेल, तेव्हा समालोचनाचा आवाज तरी चालू ठेवता येतो. आवाजाला चित्राच्या तुलनेत अगदी थोडा डेटा लागतो आणि एचएलएसमध्ये केवळ आवाजाची स्वतंत्र आवृत्ती ठेवण्याची सोय आहे. बिघाड आमच्या बाजूने आहे असे एका वाक्यात सांगावे, दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा अंदाज द्यावा आणि तोपर्यंत समालोचन ऐकवत राहावे, एवढी मागणी आज हातात असलेल्या साधनांनी पुरी होण्यासारखी आहे.