मतपत्रिकेच्या तळाशी सरकारी वकील

[दृश्य : फर्ग्युसनचे रस्ते, निदर्शक, अश्रुधूर]

९ ऑगस्ट २०१४. अमेरिकेत मिझुरी राज्यातलं, सेंट लुईस शहराजवळचं फर्ग्युसन. मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलिसाच्या गोळ्यांनी मेला. लोकांची मागणी एकच : विल्सनवर खटला भरा.

पण तो भरायचा कुणी? आपल्याकडे आरोपपत्र पोलीस दाखल करतात आणि सरकारी वकील सरकार नेमतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, सरकारी वकील मतांनी निवडला जातो. खटला भरायचा की नाही, कलम कोणतं, जामिनाला रक्कम किती मागायची, कुणाला गुन्हा कबूल करायला लावून तडजोडीत शिक्षा ठरवायची, हे सगळं तोच बघतो.

सेंट लुईस काउंटीत ही खुर्ची १९९१ पासून बॉब मॅक्कलक यांच्याकडे होती. त्यांचे वडील पोलीस. ड्यूटीवर मारले गेले, तेव्हा बॉब १२ वर्षांचे. या प्रकरणातून त्यांनी बाजूला व्हावं, असं पुष्कळांनी म्हटलं. ते झाले नाहीत. २४ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी जाहीर केलं : ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, विल्सनवर आरोप ठेवलेले नाहीत.

[दृश्य : जुनी मतपत्रिका]

आता ही तारीख बघा. ५ ऑगस्ट २०१४, गोळीबाराच्या चारच दिवस आधी. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, त्या दिवशी झाली, मॅक्कलक आरामात जिंकले, आणि नोव्हेंबरात त्यांच्यासमोर कुणी उभंच नव्हतं. लोक रस्त्यावर उतरले, तोवर मतदान उरकलं होतं. पुढची संधी चार वर्षांनी.

७ ऑगस्ट २०१८. पुन्हा प्राथमिक निवडणूक. मॅक्कलक यांच्यासमोर वेस्ली बेल, फर्ग्युसनच्या नगर परिषदेतले. योगायोग असा, की त्याच दिवशी कामगार संघटनांसंबंधीच्या कायद्यावर राज्यभर सार्वमत होतं, त्यामुळे केंद्रांवर एरवीपेक्षा गर्दी. मॅक्कलक हरले. रिपब्लिकन उमेदवार नव्हताच, म्हणजे निकाल तिथेच लागला.

डिसेंबरात, नवे साहेब यायच्या आत, त्या कार्यालयातल्या वकिलांनी मतदान करून पोलिसांच्या संघटनेत जायचं ठरवलं. वेळ आली तर ज्यांच्यावर खटला भरायचा, त्यांच्याच संघटनेत!

बेल जानेवारीत आले. १०० ग्रॅमच्या आत गांजा सापडला तर खटला नाही. मुलांची पोटगी थकली म्हणून फौजदारी नाही. किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन मागायचा नाही.

त्यांनी विल्सनची फाइलही पुन्हा उघडली. ३० जुलै २०२० रोजी सांगितलं : न्यायालयात टिकेल इतका पुरावा नाही. ज्या रागातून ते निवडून आले, त्या प्रकरणात खटला झालाच नाही.

[दृश्य : मिझुरीतला तुरुंग]

आणि मार्सेलस विल्यम्स. मॅक्कलक यांच्या काळात, २००१ मध्ये खुनासाठी दोषी ठरलेला, फाशीच्या यादीतला कैदी. २०२४ च्या जानेवारीत बेल यांनीच न्यायालयाला सांगितलं, हा निकाल रद्द करा. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च वकील, अँड्र्यू बेली आडवे आले. २४ सप्टेंबरला विल्यम्सला विषारी इंजेक्शन देण्यात आलं.

मिझुरीत ॲटर्नी जनरलचं पदही निवडणुकीचंच. सहा आठवड्यांनी मतदान झालं, आणि बेली मोठ्या फरकानं निवडून आले.