पलीकडच्या काठाचं नाव
(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ठाण्यात समुद्रावर बोलायचं म्हटलं की पहिली शंका ठरलेली असते: इथे समुद्र आहेच कुठे? आहे. कळव्याच्या पुलावरून खाली दिसणारी खाडी त्याचीच. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी चेंदणी कोळीवाड्याला टेकतं आणि दोनदा मागे जातं. उत्तरेला उल्हास नदी साष्टी बेटाला वळसा घालून वसईकडे जाते, पूर्वेला आपली खाडी. म्हणजे जुनं ठाणं बेटावरच वसलंय. लोकलमध्ये चढायच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात राहत नाही, एवढंच.

या समुद्राला आपण ‘अरबी’ म्हणतो. शाळेत भूगोलाच्या बाईंनी नकाशा भरायला दिला, तेव्हापासून म्हणतो. पण दोन हजार वर्षांत त्याला कोण काय म्हणत आलंय ते पाहिलं, तर एक गंमत दिसते. पार जाणाऱ्यांनी त्याला बहुतेक वेळा पलीकडच्या काठाचं नाव दिलंय. काठावरच राहणाऱ्याला नावाची फारशी गरजच नव्हती.

आपलंच बघा. आर्यावर्ताची सीमा सांगताना मनुस्मृती ‘पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत’ असं म्हणते. नुसती दिशा, विशेषनाम नाही. कोकणाला अपरान्त म्हणत, तेही पश्चिमेचा शेवट या अर्थानं. हल्ली ‘सिंधुसागर’ हे नाव मोठ्या उत्साहानं सांगितलं जातं. सिंधू त्यालाच मिळते, त्यामुळे नाव शोभतंही. पण हेच आपलं एकमेव मूळ नाव होतं आणि कुणीतरी ते पुसलं, असा जो सूर लागतो तो मला पटत नाही. आणि ज्यांचं पोट या पाण्यावर चालतं ते आपले कोळी त्याला काय म्हणतात? दर्या. शब्द फारसी. ‘नाखवा’ आला नाखुदावरून, तोही फारसी. ‘बंदर’ फारसी. ‘मोसमी’ वारा अरबी मौसिमवरून. बोटी येत गेल्या, शब्द उतरत गेले. त्यात कुणाची नामुष्की नाही.

ग्रीक लोक या सगळ्या पाण्याला एरिथ्रा, म्हणजे तांबडा समुद्र म्हणत. आजचा तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि आपला समुद्र, सगळं त्यात आलं. पुढे ते नाव आक्रसत आफ्रिकेच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्टीपुरतं उरलं. १८९० मध्ये इटालियनांनी तिथल्या आपल्या वसाहतीला एरिट्रिया म्हटलं ते त्यावरूनच.

या एरिथ्रियन समुद्राचं ‘पेरिप्लस’ म्हणून एक प्रवासवर्णन आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लिहिणारा इजिप्तकडचा ग्रीकभाषी व्यापारी, नाव कुठेच नाही. त्यात आपली गावं ओळीनं येतात: बारिगाझा म्हणजे भडोच, सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमुल्ला म्हणजे चौल. कल्याणबद्दल तो जे लिहितो ते भलतंच व्यवहारी आहे. थोरल्या सारगनस राजाच्या काळात हे रीतसर व्यापारी बंदर होतं. सांदरेसच्या हाती गेल्यापासून तिथे अडवणूक चालते. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर पहारा लावून भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यातली ही नाकेबंदी असावी, असं अभ्यासक मानतात. मला मात्र त्यात वैतागलेला व्यापारीच आधी दिसतो. माल भरलाय, वारा मिळालाय आणि खाडीच्या तोंडावर शिपाई उभा.

अरबांचा ठाण्याशी पहिला नोंदलेला संबंध चढाईचा आहे. ६३६ च्या सुमाराला बहरीन-ओमानच्या सुभेदारानं खलिफा उमरला न विचारताच ठाण्यावर आरमार धाडलं. बलाझुरी हा इतिहासकार सांगतो, की खलिफा चिडला: तू किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती! वाळवंटातल्या राज्यकर्त्याला समुद्राचा वाटणारा धाक यापेक्षा नेमका मला कुठे सापडलेला नाही.

मग तीनेक शतकं गेली आणि चित्र पालटलं. ९१६ मध्ये बगदादचा प्रवासी लेखक अल-मसूदी चौलला आला. त्या वेळी तिथे राष्ट्रकूटांच्या वतीनं शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदी लिहितो, की गावात दहाएक हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि चौल, सोपारा, ठाणे, खंबायत ही गावं ज्या पाण्यावर आहेत त्याला तो नाव देतो लारवी समुद्र. लार म्हणजे लाट देश, दक्षिण गुजरात. थोडक्यात, अरब या समुद्राला इथल्या काठाचं नाव देत होते. त्याला ‘अरबी’ म्हणायचं अरबांच्या डोक्यातही नव्हतं! त्यांचे इतर लेखक कधी ‘हिंदचा समुद्र’ म्हणतात, कधी ‘फारसचा’. ‘अरबी’ हे नाव रूढ केलं युरोपीय नकाशांनी, आणि ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आपल्या वहीत उतरलं.

आता जरा पाण्याकडे वळू. क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षाही मोठं. पण मुंबईसमोर तो बराच लांबवर उथळ आहे. मुंबईपासून दीडशेच्या वर किलोमीटर आत, जिथे १९७४ मध्ये तेल लागलं, त्या बॉम्बे हायला पाणी ७५ मीटरच्या आसपासच. या रुंद, उथळ तळावरून भरती चढत येते, म्हणून गोव्याला दोनेक मीटर असणारं उधाण मुंबईला पाच मीटरच्या घरात जातं आणि खंबायतच्या आखातात, भावनगरला, दहाच्याही पुढे. खोल तळाशी डोंगररांग आहे, तिचं नाव कार्ल्सबर्ग. होय, तेच, बिअरवाले. त्या कंपनीच्या संस्थापकानं काढलेल्या प्रतिष्ठाननं १९२८ ते ३० च्या डॅनिश सागरी मोहिमेला पैसे दिले होते, त्याची ही परतफेड. पाण्याखाली कुणी नाव सांगायला नसतं, तिथे देणगीदाराचं लागतं.

आणि वारा. पावसाळ्यात नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. वाऱ्याबरोबर इथले प्रवाहही उलटतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी, त्याच्या हिशेबात तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मलबारपर्यंत चाळीस दिवस लागत. परत जायचं तर वारा फिरेपर्यंत इथेच थांबायचं. बसऱ्याचा माणूस चौलला घर करतो यामागे हा मुक्कामही आहे.

आजची अधिकृत हद्द ऐकाल तर चकित व्हाल. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या १९५३ च्या पुस्तिकेत अरबी समुद्राची पूर्वेची रेघ कारवारजवळच्या सदाशिवगडाच्या दीपस्तंभापासून निघते, लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिम कडेनं खाली अड्डू बेटांपर्यंत उतरते आणि तिथून सोमालियाच्या रास हाफूनला जाते. त्या रेघेच्या पूर्वेला लक्षद्वीप समुद्र. म्हणजे मंगळूर आणि कोचीसमोर, कागदोपत्री, अरबी समुद्र नाहीच. कोचीच्या माणसाला हे सांगून बघा.

ही पुस्तिका १९५३ नंतर सुधारून काढता आली नाही, कारण जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राच्या नावावरून भांडण मिटेना. आपल्या शेजारीही इराण ‘पर्शियन’ आणि अरब देश ‘अरबी’ आखात म्हणतात. २०१० मध्ये इराणनं नकाशावर ‘अरबी आखात’ दाखवणाऱ्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद करण्याची धमकी दिली होती. शेवटी २०२० मध्ये संघटनेनं ठरवलं, की नव्या डिजिटल नोंदीत समुद्रांना नावाऐवजी क्रमांक द्यायचे. आपल्या समुद्रालाही त्यात एक आकडा मिळेल. नकाशा इथे टेबलावर आहे, सदाशिवगडाची रेघ मी तांबड्या पेन्सिलीनं ओढून ठेवलीय. आता प्रश्न घेऊ.