डंकर्क ते नॉर्मंडी : अॅडमिरल रॅमसे

श्रोतेहो, नमस्कार.

नॉर्मंडी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची फौज फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर उतरली तो भाग. नॉर्मंडी म्हटलं की आयझेनहॉवर, माँटगोमेरी या सेनापतींची नावं चटकन ओठांवर येतात. त्यांची फौज इंग्लिश खाडीपलीकडे नेऊन उतरवली ती ब्रिटिश नौदलाच्या बर्ट्राम रॅमसे यांनी. त्यांचं नाव मागे पडलं, याची मला मनापासून खंत वाटते.

रॅमसे 1898 मध्ये नौदलात दाखल झाले. 1935 मध्ये ते होम फ्लीटचे, म्हणजे ब्रिटनजवळच्या समुद्रातल्या ताफ्याचे, चीफ ऑफ स्टाफ होते. वरिष्ठ अॅडमिरल सगळी कामं स्वतःच्याच हातात ठेवत, हे न पटल्याने त्यांनी पद सोडलं आणि 1938 मध्ये ते निवृत्त झाले. युद्धाचे ढग जमले तेव्हा त्यांना परत बोलावून इंग्लिश खाडीवरच्या डोव्हर बंदराची जबाबदारी दिली गेली.

मे 1940. फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला जर्मनांनी ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांची फौज कोंडली होती. दोन दिवसांत फार तर 45 हजार माणसं सुटतील, असा अंदाज होता. डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांतून रॅमसे सूत्रं हलवत होते. किनारा इतका उथळ, की मोठी जहाजं जवळ येईनात. सैनिक छातीभर पाण्यात तासन्‌तास उभे. तेव्हा किनाऱ्यावरचे त्यांचे अधिकारी, कॅप्टन टेनंट, यांची नजर बंदराच्या पूर्वेकडच्या बांधावर गेली. मैलभर लांब, वर अरुंद लाकडी वाट, खाली जोरदार प्रवाह. तो जहाजं लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. टेनंटनी रात्री एक प्रवासी बोट लावून पाहिली आणि ती लागली! मग विनाशिका रांगेने येऊ लागल्या. 4 जूनपर्यंत 3,38,226 जण सुटले. छोट्या होड्यांच्या कथा आपण ऐकतो, पण या सैनिकांतले बहुसंख्य बंदरातून, मुख्यतः या बांधावरून चढले. सुटलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेल्या खेचर-तुकड्यांचे भारतीय जवानही होते.

पुढे 1943 मध्ये सिसिलीला पूर्वेकडची फौज त्यांनीच उतरवली. नॉर्मंडीसाठी त्यांच्या हाताखाली जवळपास सात हजार लहानमोठी जहाजं होती. कुठली बोट कधी, सुरुंग काढलेल्या कुठल्या वाटेने जाणार, ते सगळं लेखी. हुकूम इतके जाडजूड, की अमेरिकन अधिकारी कुरकुरले. मला मात्र रॅमसेंचंच बरोबर वाटतं. पाण्यातले अडथळे दिसावेत म्हणून ओहोटीनंतर भरती चढू लागतानाच किनारा गाठायचा होता. तिथे अंदाजाने वागून भागलं नसतं. आणि बघा, एप्रिल 1944 पर्यंत हा माणूस कागदोपत्री निवृत्तच होता!

सप्टेंबरमध्ये बेल्जियममधलं अँटवर्प बंदर जवळजवळ धडधाकट हाती आलं. शेल्ट नदीचं मुख मोकळं केल्याशिवाय त्या बंदराचा उपयोग नाही, हे रॅमसेंनी आधीच बजावलं होतं. सेनापतींनी ते मनावर घेतलं नाही. नोव्हेंबरात नदीच्या मुखाशी असलेल्या वॉल्खरेन बेटावर उतरून, रक्त सांडून ती वाट उघडावी लागली. पहिला ताफा बंदरात शिरला 28 नोव्हेंबरला.

2 जानेवारी 1945 रोजी माँटगोमेरींकडच्या बैठकीला निघालेलं रॅमसेंचं विमान पॅरिसजवळ उड्डाण करतानाच कोसळलं आणि त्यात ते गेले. जर्मनीच्या शरणागतीला तेव्हा चार महिने उरले होते.