भिंतीच्या भेगेतली माशी

गोठ्याची मातीची भिंत. बाहेर ऊन चढलंय, आत मात्र ओल आणि शेणाचा वास. टॉर्चचा उजेड या भेगेवर जरा स्थिर धरू. तो भुरकट कण दिसला? दोन्ही पंख वर उभे करून बसलेला? ही वाळूमाशी, म्हणजेच सँडफ्लाय. लांबी जेमतेम २-३ मिलिमीटर, अंगभर लव. गुणगुण नाही. उडण्यातही कच्ची, भिंतीवर टुणटुण उड्या मारत वर सरकते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून मात्र सहज आत येते.

रक्त पिते ती फक्त मादी, अंड्यांसाठी. सोंड आखूड, म्हणून ती कातडी करवतते, आत रक्ताचं इवलंसं डबकं साचू देते आणि तेच शोषते. तिची लाळ रक्त गोठू देत नाही. त्या लाळेबरोबरच रोग आत शिरतो.

जगात वाळूमाश्यांच्या सुमारे हजार जाती; माणसाला आजार देणाऱ्या मोजक्याच. बिहारमध्ये काळा आजार पसरवणारी जात वेगळी. आपल्याकडचं दुखणं चांदीपुरा. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि त्या जागेचंच नाव त्याला मिळालं. पुढे औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांतही तोच निघाला. प्रयोगशाळेत तर तो मादीकडून थेट तिच्या अंड्यांत उतरलेला दिसला.

२००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत लेकरं दगावली. अचानक ताप, मग झटके, मग शुद्ध हरपते. पुष्कळदा एक-दोन दिवसांतच सगळं संपतं. यावर लस नाही, नेमकं औषधही नाही. म्हणून ताप आलेल्या मुलाला झटका आला, तर वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

डासांसाठी आपण आठवड्याचा कोरडा दिवस पाळतो, पिंप उपडी करतो. हिला त्याचा काही फरक पडत नाही. हिची अंडी पाण्यात नसतातच. ओलसर माती, शेण, कुजका पालापाचोळा. अळी तिथेच खाते, तिथेच वाढते आणि महिना-दीड महिन्यात माशी होऊन बाहेर पडते.

या घरात गोठा आणि झोपायची खोली यांच्यामध्ये ही एकच भिंत आहे. पलीकडे, हातभर अंतरावर, बाळाची झोळी. आजीने सकाळीच माती कालवून ठेवली आहे. आता ती बोटाने एकेक भेग बुजवतेय, अगदी खालून, जमिनीलगतच्या भेगेपासून.