बंद मशीनशी बोलताना

मंडळी, मशीन बंद आहे, एकही पंखा फिरत नाही. तुम्ही दूर बसून कमांड देता आणि ते सुरू होतं. मग ती कमांड ऐकली कोणी?

ऐकतो तो मदरबोर्डवरचा एक छोटा, स्वतंत्र प्रोसेसर, बीएमसी. मुख्य यंत्र बंद असलं तरी पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर तो जागा असतो. त्याच्याशी बोलायची रीत म्हणजे आयपीएमआय. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये ती ठरवली. लिनक्सवर त्यासाठी आयपीएमआयटूल आहे.

एका नोडपुरतं, म्हणजे क्लस्टरमधल्या (जोडून एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या समूहातल्या) एका यंत्रापुरतं, ते पुरतं. शेकडो नोड असले की अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेला पॉवरमॅन हा प्रोग्राम हाताशी हवा. कमांड फक्त 'पीएम'. डॅश एक म्हणजे चालू, डॅश शून्य म्हणजे बंद, डॅश सी म्हणजे बंद करून पुन्हा चालू, डॅश क्यू म्हणजे नुसती चौकशी. पुढे चौकटी कंसात नोडचे आकडे, एक ते चाळीस, असे एका दमात. मागे बीएमसी असो की रॅकमधली रिमोट पॉवर पट्टी, ते कॉन्फिग फाइलमध्ये एकदा लिहायचं.

ही सोयच मला एकदा महागात पडली. रात्री चौदा नंबरचा नोड अडकला होता. घाईत मी कंसात 'एक ते चौदा' लिहिलं आणि डॅश सी दिलं. चौदाही नोडची वीज गेली. त्यांतल्या तीन नोडवर एका विद्यार्थिनीचं चार दिवसांचं गणित चालू होतं, आणि मधल्या टप्प्यांवर काहीच सेव्ह केलेलं नव्हतं. सकाळी तिला सांगायला मीच गेलो. तिचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून मी आधी डॅश क्यू देतो, मग स्लर्ममध्ये, म्हणजे नोडना कामं वाटून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्या नोडवर कोणाचं काम चालू आहे ते बघतो, आणि मगच विजेला हात लावतो. नोड उत्तर देत असेल तर आयपीएमआयटूलचं 'पॉवर सॉफ्ट' वापरा. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला आवराआवर करायला वेळ मिळतो. 'पॉवर ऑफ' थेट वीज तोडतं. आणखी एक: आधीच बंद असलेल्या नोडला 'सायकल' (बंद करून पुन्हा चालू) सांगून उपयोग नाही. त्याला 'ऑन'च म्हणावं लागतं. अनेकजण इथेच अडकतात आणि केबल तपासत बसतात.

बीएमसीचं नेटवर्क मात्र वेगळंच ठेवा. तिथे पोचलेला माणूस तुमचा अख्खा क्लस्टर बंद करू शकतो.

वीज जाऊन परत आली की सगळं एकदम सुरू करू नका. सुरुवातीच्या झटक्याला ब्रेकर पडतो. आधी स्विच, मग स्टोरेज, मग क्लस्टर सांभाळणारा हेड नोड. त्यानंतर गणितं करणारे कंप्यूट नोड दहा-दहाच्या तुकडीने, आणि प्रत्येक तुकडीनंतर पुन्हा डॅश क्यू.