पोत्यातली चिठ्ठी

(गच्ची, सकाळ, दाण्याचा क्लोजअप)

हा आवाज नीट ऐका. कट्ट. दाताखाली दाणा असा वाजला म्हणजे तूर वाळली, आणि नुसता दबला, आवाजच आला नाही तर अजून एक दिवस ऊन द्यायचं. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या बायांच्या बचत गटाची ही दाल मिल आणि गच्चीवर बसलेल्या या काकू. यांच्याकडं वाळवण आहे, म्हणजे पूर्ण वाळवण. किती दिवस ठेवायची, दुपारी किती वेळा हात फिरवायचा, गोळा कधी करायची, सगळं काकूच ठरवतात. खाली अध्यक्ष ताई आहेत पण त्या वर येऊन "झालं का वं" विचारत नाहीत. आधी विचारायच्या, दिवसातून दहा वेळा.

(मशीन सुरू होते)

आता हे मशीन बघा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, 1969 मधलं, तिथं तयार झालेली ही मिनी दाल मिल, आपल्याकडं बऱ्याच गावात पोचली आहे. तूर आधी चाळायची, बारीक आणि ठोकळ वेगळी करायची. मग खरबरीत रोलरमधून एकदा काढायची म्हणजे सालीवर चिरा पडतात. मग तेलाचा हात द्यायचा, रात्रभर झाकून ठेवायची, मग ऊन, मग पाण्याचा हात आणि परत ऊन, आणि मग पुन्हा मशीनमधे, तेव्हा कुठं साल सुटून दाण्याच्या दोन डाळी होतात. क्विंटलभर तुरीतून 70 ते 75 किलो डाळ निघाली तर काम चोख झालं. बाकी चुरी आणि कोंडा, तो ढोरांना.

आणि इथं एकीचं काम कच्चं राहिलं की दुसरीचं बिघडते. तूर ओली राहिली तर साल निघत नाही, मग मशीनवाली ती दोनदा काढते, दोनदा काढली की डाळ तुटते, चुरी वाढते, आणि मग सुरू, तू केलं का मी केलं.

(ताई, वजनकाट्याजवळ)

पहिल्या वर्षी ताईंनी सगळं स्वतःच्या हातात ठेवलं होतं. वजनाला त्या उभ्या, तेल लावताना त्या उभ्या, कोणी घरी गेलं की पाच मिनिटांत फोन. त्यांनाही काय बोलणार, बँकेच्या कर्जावर सही त्यांची होती, रात्री झोप त्यांचीच जायची. पण झालं असं की बायांनी स्वतःचं डोकं लावणंच सोडून दिलं. मी स्वतः एका ऑफिसात असं काम केलं आहे, तासातासाला ग्रुपवर मेसेज टाकायचा की काय करून राहिलो, आणि खरं सांगतो, त्या मेसेजपुरतंच काम व्हायचं. इथंही तेच. मार्चमधे एक दिवस ताई लग्नाला वणीला गेल्या, अवकाळीचं आभाळ भरून आलं, तूर गच्चीवर, चौघी जणी खाली बसलेल्या. ताडपत्री कोणीच टाकली नाही. का, तर "ताईचा फोन लागून नाही राह्यला". पाच पोती तूर भिजली, नुकसान गटानं भरलं.

(बैठक, सतरंजी, रजिस्टर)

उपाय निघाला तो या रजिस्टरमधून. बचत गट म्हटलं की पंचसूत्री आलीच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब. उमेद अभियान राज्यात 2011 मधे सुरू झालं तेव्हापासून गावोगाव बाया हेच करत आल्या. हप्ता कोणी भरला, कोणाचा राहिला ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचलं जाते. आणि मधल्या सात दिवसांत कोणी कोणाच्या घरी डोकावून पाहत नाही की पैसे जमले का म्हणून! सचिव आहे ती गटातली सगळ्यात लहान, सून म्हणून नवीनच आलेली, ती एका सोमवारी म्हणाली, "मंग कामाचंबी असंच करू ना ताई."

(फळा)

तो हा फळा. तुकडोजी महाराजांच्या फोटोखाली. काम, कोणाचं, कधीपर्यंत. एका कामापुढं एकच नाव, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिघींचं काम म्हणजे कोणाचंच नाही. नाव आणि दिवस जिचा तिनं स्वतः लिहायचा, दुसऱ्यानं लिहून द्यायचा नाही. या मावशींना अक्षर येत नाही, त्यांनी तुरीची शेंग काढली आहे, बघा, तीन दाण्यांची. अडचण आली तर त्याच दिवशी बोलायचं, सोमवारपर्यंत दाबून ठेवायचं नाही. आणि ताईंनी सोमवार सोडून विचारायचं नाही. हे त्यांना फार जड गेलं, पहिले दोन आठवडे त्या गच्चीच्या जिन्यापर्यंत येऊन परत जायच्या.

(पोतं शिवताना)

पोतं शिवायच्या आधी ही चिठ्ठी आत जाते. तूर कोणाच्या वावरातली, वाळवली कोणी, मशीनवर कोण होतं, तारीख. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाकडून तक्रार आली, डाळीला साल चिकटलेली आहे. चिठ्ठीवर काकूंचं नाव होतं. बैठकीत काकू स्वतःच उठल्या आणि सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याची नवीन टाकी बसवली होती ना, तिची सावली तीन वाजल्यानंतर या कोपऱ्यावर पडत होती, तेवढी तूर रोज दमट राहायची. ताडपत्री चार हात सरकवली. झालं. फोनवर दहा वेळा विचारलं असतं तर ही सावली कोणाला दिसली नसती.

(वारा, ढग, धावपळ)

हे शूटिंग ठरवून केलेलं नाही. शेवटच्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो, ताई यवतमाळला बँकेत, लाइन गेलेली, आणि तिकडून आभाळ काळं झालं. काकूंनी वरून हाक मारली, "ये वं लवकर!" मशीनवरच्या दोघी, शिवणारी, शेंगवाल्या मावशी, सगळ्या जिन्यावर. ताडपत्रीची चार टोकं चौघींच्या हातात, आणि कडेला ठेवायला विटा आधीच रचून ठेवलेल्या.

ताईंना फोन केला तो पाऊस उघडल्यावर, चहा पिताना. मग काकू खाली आल्या, फळ्यावर आपल्या नावापुढचा मंगळवार पदरानं पुसला आणि बुधवार लिहिला.